लांबचं युद्ध आपल्या बांधापर्यंत येतं कसं? आणि जगभर पसरतं कसं?

थॉमसनवाला (निफाड तालुका)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे द्राक्षाच्या धाग्यांवरच लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण निघालाय बागेतूनच.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. आमचा हंगामातला पहिला कंटेनर न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघायचा होता. पॅकहाउसमध्ये बायका कात्रीने एकेक खराब मणी काढून पेट्या भरत होत्या आणि निर्यातदाराचा फोन आला. जहाज सुएझमधून जाणार नाही, आफ्रिकेला वळसा घालून जाईल. एरवी साडेतीन आठवड्यांत पोचणारा माल साडेपाच आठवड्यांनी पोचला. तिकडच्या गोदामातून फोटो आला. मणी टणक होते, गोडी जागेवर होती, पण देठ तपकिरी. द्राक्षाचं वय मण्यात नाही, देठात दिसतं. हिरवा देठ म्हणजे ताजा माल, हे तिकडच्या गिऱ्हाइकालाही कळतं. भाव तोडला गेला. किती, ते लिहीत नाही. त्या हंगामात ज्यांचा माल गेला त्यांना विचारायची गरज नाही.

गाझातलं युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. १९ नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पकडून नेलं आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र, म्हणजे सुएझला जायची वाटच, सोडला. म्हणजे तिकडे युद्ध पेटल्यापासून तीन महिन्यांच्या आसपास ते माझ्या बांधावर होतं.

मुलगा यंदा बारावीला आहे. टीव्हीवर नकाशे आणि बाण बघून विचारतो, “पप्पा, तिसरं महायुद्ध होणार का?” मी “नाही रे” म्हणून टाळलं आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. त्याला खरं उत्तर द्यायचंय. दोन देशांचं भांडण सगळ्या जगाचं कशामुळे होतं? जाणकारांनी लिहावं. कितीही लांब लिहा, वाचेन.

पंचवटीकर

मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. हा प्रश्न वर्गात आला की मी आधी नाशिकच सांगते.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर. नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. वय १८ सुद्धा पूर्ण नव्हतं. हातात ब्राउनिंग पिस्तूल. साडेचार वर्षांनी, २८ जून १९१४ ला, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गाव्रिलो प्रिन्सिपने गोळ्या झाडल्या. वय १९. हातात ब्राउनिंगच. दोन्हीकडे परकी सत्ता, दोन्हीकडे जीव द्यायला तयार झालेली पोरं.

नाशिकच्या गोळीनंतर खटला झाला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. त्यातून कुठलं युद्ध पेटलं नाही. साराजेव्होच्या गोळीनंतर चार वर्षं जग जळत होतं. मग फरक कुठे? गोळीत नाही. कान्हेरेच्या मागे उभं राहील असं दुसरं साम्राज्यच नव्हतं. सर्बियाच्या मागे रशिया होता, रशियाशी फ्रान्स बांधलेला होता, ऑस्ट्रियाच्या मागे जर्मनी होता आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने १८३९ मध्येच देऊन ठेवली होती.

पुढचा क्रम मी फळ्यावर तारखांनी लिहिते, कारण वेग तारखांतच दिसतो. ५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं, काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, मुदत ४८ तासांची. सर्बियाने जवळजवळ सगळं कबूल केलं. आमच्या भूमीवर तुमचे अधिकारी तपास करणार, एवढं मात्र नाकारलं. २८ जुलैला सकाळी खुद्द जर्मन सम्राटाने, कैसरने ते उत्तर वाचून शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. ३० तारखेला रशियाने सगळं सैन्य उभं करायचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, ४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात.

गोळीपासून खलित्यापर्यंत २५ दिवस गेले. खलित्यापासून ब्रिटनपर्यंत फक्त १२. त्या २५ दिवसांत युरोपातली माणसं उन्हाळ्याच्या सुट्ट्यांवर होती. वर्गात हे सांगताना माझा आवाज अजूनही बदलतो, कारण त्या २५ दिवसांत थांबवायला खूप जागा होती.

गोदाकाठ

वाचतोय. ताई, कान्हेरे आणि प्रिन्सिप शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

तोपची_निवृत्त

जय हिंद. ताईंनी लिहिलेल्या शेवटच्या १२ दिवसांबद्दल फौजेच्या बाजूने सांगतो. मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता देवळाली कॅम्पजवळ राहतो.

सैन्य ‘उभं करणं’ म्हणजे काय, हे नागरिकांना सहसा दिसत नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांत पाकिस्तानच्या सरहद्दीवर फौज न्यायच्या ‘ऑपरेशन पराक्रम’चे हुकूम निघाले. आमच्या तोफा मिलिटरी स्पेशल आगगाडीवर चढवायच्या होत्या. रात्रीची थंडी, सपाट वॅगन. तोफ रॅम्पवरून वर घ्यायची, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकायचे, मग तारेने आवळायचं. तार पिळताना हातमोजा फाटून तळहात कापला, त्याचा वण अजून आहे. एका तोफेला इतका वेळ. मग दारूगोळा, गाड्या, रेशन, पाणी, दवाखाना. हे सगळं देशभरातून सरहद्दीवर न्यायला आपल्या मुख्य फौजांना तीन आठवड्यांच्या आसपास लागले. तोवर १२ जानेवारी आली, पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांचं भाषण झालं, बाहेरचे देश मध्ये पडले. दहा महिने आम्ही सरहद्दीवर मोर्चे धरून बसलो, पण युद्ध झालं नाही. तेव्हा आम्हा जवानांना राग होता. आज वाटतं, त्या उशिरानेच विचाराला वेळ मिळाला.

१९१४ मध्ये उलट होतं. जर्मनीची योजना अशी होती की रशियाचं अवाढव्य सैन्य गोळा होईपर्यंत आधी फ्रान्सला झोपवायचं आणि मग पूर्वेला वळायचं. म्हणजे रशियाने नुसतं सैन्य गोळा करायला घेतलं की जर्मनीचं घड्याळ सुरू. १ ऑगस्टला कैसर आपल्या सेनापतीला, मोल्टकेला म्हणाला, सगळं सैन्य रशियाकडेच वळवा, फ्रान्सला हात लावू नका. मोल्टकेने सांगितलं, जमणार नाही, आगगाड्यांची वेळापत्रकं वर्षानुवर्षं याच एका दिशेने बांधलीत. सम्राटाचं ऐकलं गेलं नाही, वेळापत्रकाचं ऐकलं गेलं.

आज रेल्वेच्या जागी क्षेपणास्त्रं आहेत. तिथे तीन आठवडे सोडा, तीस मिनिटंही हातात नसतात. मला काळजी याची वाटते.

वाचनवेडा_गंगापूररोड

दोघांचंही लिखाण उत्तम. तरी मला एक गोष्ट खटकते. करार होते, वेळापत्रकं होती, म्हणून युद्ध ‘झालं’ असं म्हटलं की माणसं सुटतात.

इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या करारात होती. १९१४ मध्ये ती गेली का युद्धात? नाही गेली. तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये चक्क उलट्या बाजूने उतरली. करार तिला ओढू शकला नाही, कारण तिला जायचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाचं बघा. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी आरमाराच्या तळावर हल्ला केला. जर्मनी-जपान-इटलीचा १९४० चा करार असा होता की कुणी आपल्यापैकी एकावर हल्ला केला तर बाकीच्यांनी मदतीला जायचं. इथे हल्ला जपाननेच केलेला. हिटलरवर कसलंच बंधन नव्हतं. तरी ११ डिसेंबरला त्याने आपणहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं.

त्या आठवड्यापर्यंत जगात दोन वेगळी मोठी युद्धं चालू होती. चीन-जपानचं १९३७ पासून, युरोपातलं १९३९ पासून. त्या चार दिवसांनी दोन्हींची गाठ मारली गेली. ती गाठ माणसांनी मारली, त्यांची नावं आहेत. मुलाला हे जरूर सांगा, की ‘अपरिहार्य’ म्हणून जे शिकवलं जातं त्यात सही करणारे हात असतात.

पंचवटीकर

वाचनवेडा, इटलीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. मी ‘बांधलेला’ हा शब्द जरा सैल वापरला. पण एक भर घालते. जपान पर्ल हार्बरपर्यंत आला तो तेलामुळे. त्याचं बहुतेक तेल अमेरिकेतून यायचं. १९४१ च्या उन्हाळ्यात जपानने फ्रेंच इंडोचीनच्या (आजचं व्हिएतनाम आणि शेजार) दक्षिण भागात फौजा घातल्या आणि अमेरिकेने तेल बंद केलं. टाकीत उरलेल्या साठ्यावर जपानी आरमार दिवस मोजत होतं. चीनमधून माघार घ्यायची, की डच ईस्ट इंडीजच्या (आजचा इंडोनेशिया) तेलविहिरींवर झडप घालायची? सही करणारा हात होताच, पण त्या हाताला घाई तेलाने लावली.

आणि आपल्याकडे ते कसं पोचलं बघा. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. सगळा दोष त्या एका कारणाला देता येत नाही, सरकारी धोरणं त्याहून क्रूर होती. पण पर्ल हार्बर कुठे आणि मिदनापूरचं भाताचं ताट कुठे!

कंटेनरताई

थॉमसनवाला दादा, तुमच्या फोटोतला देठ माझ्या डोळ्यांसमोर आला. मी सतरा वर्षं फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल जहाजाने पाठवून द्यायच्या धंद्यात आहे, आधी उरणला, आता अंबडला. युद्ध पसरतं ती एक वाट विम्याची असते. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

जहाजाचा साधा विमा युद्धाचं नुकसान भरत नाही. त्यासाठी वेगळा वॉर रिस्क विमा लागतो. लंडनच्या विमा बाजारात जॉइंट वॉर कमिटी नावाची एक समिती आहे, ती धोक्याच्या समुद्रांची यादी काढते. समुद्र त्या यादीत गेला की मालकाला दर फेरीला आधी कळवायचं आणि जादा हप्ता भरायचा. दर तासागणिक बदलतात, आज सकाळी मिळालेला भाव उद्या चालेलच असं नाही. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रासाठी हे दर जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेले होते. १० कोटी डॉलरचं जहाज धरलं तर एका फेरीचे १० लाख डॉलर. मग आफ्रिकेचा वळसा स्वस्त पडतो. जहाजं लांबून जायला लागली की तीच जहाजं कमी फेऱ्या मारतात, कंटेनर तुटवड्यात येतात आणि ज्याचा त्या समुद्राशी संबंधच नाही त्याचंही भाडं वाढतं. त्या वर्षी शांघायहून येणाऱ्या मालाचेही दर चढले होते.

सगळ्या समुद्रावर बंदुका लावायची गरज नसते. चार जहाजांवर हल्ला झाला की बाकीची चारशे आपसूक वळतात.

१९१४ मध्येही हेच झालं. जर्मनीची ‘एमडेन’ नावाची एकच युद्धनौका बंगालच्या उपसागरात फिरत होती. २२ सप्टेंबर १९१४ ला तिने मद्रासच्या किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. एका जहाजाच्या धास्तीने आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्यापाराची पळापळ झाली. ब्रिटिश सरकारला त्याच ऑगस्टमध्ये जहाजांच्या युद्धविम्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली होती, नाहीतर लंडनला धान्यच पोचलं नसतं.

आणि दादा, सगळ्यात अरुंद गळा होर्मुझचा. २०२४ मध्ये जग रोज जेवढं तेल वापरत होतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून जात होता. तिथली बातमी आली की ऑफिसात आम्ही आधी विम्याचे दर बघतो.

साताऱ्याकडचा

नोकरीमुळे नाशिकरोडला स्थायिक. इतिहास फारसा वाचलेला नाही, घरातलं सांगतो.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच लिहिलंय. नावं नाहीत, आकडे आहेत. दरवर्षी पोळ्याच्या आधी चावडीला चुना लावतात तेव्हा पाटीवर फडकं धरावं लागतं. लहानपणी ते फडकं मी धरलंय. त्या दुसऱ्या आकड्यात माझे पणजोबा आहेत.

मराठा पलटणीत होते. पुण्याची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाला फाओला उतरली. कशासाठी? जवळच अबादानला तेलाचा कारखाना होता आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता. तिथून फौज बसरा, मग बगदादच्या दिशेने पुढे गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये वाटेवरच्या कूत-अल-अमारा गावात अडकली. जवळपास पाच महिने वेढा. खायला घोड्यांचं मांस. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत. पणजोबा कैदेत गेले की आधीच गेले, आम्हाला कळलं नाही.

पणजीने सर्बियाचं नाव कधी ऐकलं नसेल. आमच्या घरात आजही कुणी न सांगता कुठे निघून गेलं की म्हातारी माणसं म्हणतात, “बसऱ्याला गेला काय?”

व्हॉइसरॉयने हिंदुस्थान युद्धात आहे म्हणून जाहीर केलं, तेव्हा कुणाला विचारलं होतं? त्या युद्धात आपली १३ लाखांवर माणसं गेली, ७४ हजारांच्या आसपास मेली. जागतिक युद्ध म्हणजे काय, तर ज्यांना भांडणच माहीत नाही त्यांच्या घरातली माणसं मरणं. माझी तरी व्याख्या हीच.

गोदाकाठ

साताराकर, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ते फडकं डोळ्यांसमोरून हलत नाही.

पॉलिटेक्निक_सेकंडइयर

सगळं वाचलं. एक शंका आहे. पसरलेल्या युद्धांबद्दलच सगळे लिहितायत. जी पसरू शकली असती पण थांबली, ती का थांबली?

तोपची_निवृत्त

चांगला प्रश्न विचारलास बाळा.

१९७१ घे. ९ ऑगस्टला आपण सोव्हिएत संघाशी करार केला. त्यातलं नववं कलम असं की दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला तर लगेच सल्लामसलत करायची. चीनला आणि अमेरिकेला त्यातून जे समजायचं ते समजलं. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं. अमेरिकेने सातव्या आरमारातली ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागराकडे पाठवली, मागोमाग सोव्हिएत नौका आल्या. जगातल्या दोन अण्वस्त्रधारी सत्ता आपल्या समुद्रात समोरासमोर. तरी पेटलं नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिमेकडे आपण स्वतःहून युद्ध थांबवलं. जिंकत असताना थांबलो, हे माझ्या मते फार मोठं आहे. पश्चिमेला पुढे रेटलं असतं तर अमेरिका आणि चीन गप्प बसले असते याची खात्री कोण देणार होतं?

कोरियात याच्या उलट झालं. १९५० मध्ये अमेरिकी फौजा जिंकत जिंकत चीनच्या सीमेकडे, यालू नदीच्या दिशेने गेल्या आणि चीन उतरला. पुढे अमेरिकी सेनापती मॅकआर्थरला युद्ध चीनमध्ये न्यायचं होतं. अध्यक्ष ट्रुमनने एप्रिल १९५१ मध्ये त्याला पदावरून काढलं. तिथे युद्ध कोरियापुरतं राहिलं, पण दोन कोरियांमधली ३८ वी अक्षांश रेषा गाठून थांबले असते तर कितीतरी जीव वाचले असते.

आणि फोन चालू असावा लागतो. मे २०२५ मध्ये आपलं-पाकिस्तानचं चार दिवस चाललं, ते १० मेच्या दुपारी दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या (लष्करी कारवायांचे महासंचालक) फोनवर थांबलं. बाकी श्रेय कुणाचं यावर लोक भांडतात, भांडोत. पण ती तार तोडलेली नव्हती, हे सैनिक म्हणून मला महत्त्वाचं वाटतं.

वाचनवेडा_गंगापूररोड

सुभेदारसाहेबांना पुरवणी. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेला पेच. समुद्राखाली सोव्हिएत पाणबुडी बी-५९, वर अमेरिकी नौका इशाऱ्याचे स्फोट करतायत. आत हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. कप्तानाला वाटलं वर युद्ध सुरू झालं, अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडावा. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने नकार दिला. पाणबुडी वर आली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची लाइन सुरू झाली.

हाही सही करणारा हातच. फक्त याने सही केली नाही.

पंचवटीकर

जून २०२५ चं इस्रायल-इराण युद्धही मी या यादीत घालेन. १३ तारखेला सुरू झालं, २२ ला अमेरिकेने इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले. त्या रात्री मी झोपले नाही, कारण मोठी सत्ता उतरली की काय होतं ते रोज शिकवते. २३ ला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, पण आधी कळवून. तळ रिकामा केलेला होता. इराणला स्वतःच्या लोकांपुढे उत्तर दिलं असं दाखवता आलं आणि समोरच्याला परतायची वाटही राहिली. २४ ला युद्धविराम.

सर्बियाच्या खलित्यात ती वाटच ठेवलेली नव्हती. ४८ तास आणि ‘हो’ किंवा ‘नाही’. मी पुढच्या वर्षी वर्गात हे दोन प्रसंग शेजारी ठेवणार आहे.

थॉमसनवाला (निफाड तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मुलाला हा धागा पूर्ण वाचून दाखवला. साताराकरांच्या पाटीपाशी माझी आई मध्येच बोलली, तिच्या माहेरच्या गावातही तसा एक दगड आहे, त्यावर मुलं चिंचा फोडायची. आम्ही रविवारी बघून येणार आहोत.

मुलाला सांगितलं की होणार की नाही ते मला माहीत नाही. पण बातमी बघताना चार गोष्टी बघत जा. कुणी कुणाला आधीच शब्द देऊन ठेवलाय, विचार करायला किती वेळ उरलाय, समुद्राची कुठली वाट बंद होतेय आणि समोरच्याला मागे सरकायला जागा ठेवलीय का. तो म्हणाला, “आणि कोण सही करतंय.” ती पाचवी त्यानेच घातली.

कंटेनरताई, एक कामाचं विचारतो. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. यंदा सगळा माल युरोपला धरू नये असं वाटतं, थोडा दुबईला, थोडा इथल्या व्यापाऱ्याला. पण जो युरोपला जाईल त्याचा वळसा पडला तर जादा भाडं आणि उशिराचा तोटा कुणाच्या माथी? गेल्या वेळी सगळं आमच्याच माथी आलं.

कंटेनरताई

दादा, बोलण्यावर राहू नका, आधी कागदावर घ्या. मार्ग बदलला तर जादा भाडं कोण भरणार, किती दिवस उशीर झाला की भाव पुन्हा ठरणार आणि माल खराब निघाला तर तपासणी कोण करणार. युद्धाच्या कारणाने झालेला उशीर साध्या माल-विम्यात सहसा धरत नाहीत, तेही वाचून घ्या. आणि वळशाचा हंगाम असेल तर देठ शेवटपर्यंत हिरवा राहील असाच प्लॉट युरोपला काढा, उशिरा तोडलेला नको.

थॉमसनवाला (निफाड तालुका)

लिहून घेतो. कागद वाचायला मुलालाच बसवतो.